केमोची नॅनो गोळी सरकारी पैशातूनच व्हायला हवी

जगभरात केमो घेणाऱ्या लाखो पेशंटनी नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, तोंडाने आधीच घेतलेले आहेत, फक्त त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं. केमोच्या उलट्या थांबवायला अ‍ॅप्रेपिटंट नावाची कॅप्सूल देतात, ती 2003 साली अमेरिकेत मंजूर झाली आणि मूळ कॅप्सूलमधलं औषध नॅनोमीटरच्या मापात दळलेलं असतं, कारण हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, कण जाड राहिले तर पोटातून तसेच पुढे निघून जातात, बारीक केले की पृष्ठभाग वाढतो आणि आतड्यात विरघळायला लागतात. जेवणाआधी घेतली की जेवणानंतर याने पडणारा फरकही त्यामुळे बराच कमी झाला. म्हणजे उलटीची गोळी वीस वर्षांपूर्वीच नॅनो झालीये. मग उलटी ज्याच्यामुळे होते ते औषध, खुद्द केमो, अजून बहुतेक वेळा सुईनेच का चढवावं लागतं, ते बदलायचं तर पैसा कुणी घालायचा आणि कशावर घालायचा, यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही म्हणून हे लिहितोय.

आता काही जण म्हणतील केमोच्या गोळ्या आहेतच की. आहेत. कॅपेसिटाबिन 1998 पासून, टेमोझोलोमाईड 1999 पासून, ब्लड कॅन्सरवरची इमॅटिनिब 2001 पासून. ज्या औषधांना आतड्यातून रक्तात जायला जमतं त्यांच्या गोळ्या झाल्या, ज्यांना जमत नाही ती सलाईनमध्ये राहिली. आणि दुर्दैवाने या न जमणाऱ्यांमध्ये रोजच्या वापरातली मोठमोठी औषधं आहेत: पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल, डॉक्सोरुबिसिन. ब्रेस्ट, ओव्हरी, फुफ्फुस, पोट, डोकं-मान, कुठल्याही कॅन्सर वॉर्डात जा, यातलं एक तरी लटकलेलं दिसेल.

मी पॅक्लिटॅक्सेलचंच उदाहरण धरून चालतो, कारण त्याची गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे आणि आपल्याला ती माहीतच नसते. अमेरिकेतल्या पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे द्रव्य वेगळं काढून त्याची रचना 1971 साली प्रसिद्ध केली ती नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी, आणि हे वाणी जन्माने नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठाचं. याच जोडीने त्याआधी 1966 मध्ये कॅम्प्टोथेसिन शोधलं होतं, तेही कॅन्सरचंच औषध, आणि तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही मिळतं, ज्याच्या तस्करीच्या बातम्या कोकण-कोल्हापूरकडच्या पेपरात येत असतात. कॅम्प्टोथेसिनपासून बनलेल्या टोपोटेकानची 2007 साली कॅप्सूल झाली. पॅक्लिटॅक्सेल मात्र 1992 मध्ये मंजूर झालं तेव्हा सुईने द्यायचं होतं आणि आजही भारतात ते सुईनेच देतात.

सुईने द्यायचं म्हणजे नक्की काय, हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या द्रव्यात विरघळवतात, जे एरंडेलापासून बनवलेलं असतं, त्यात अल्कोहोल. या क्रेमोफोरचीच काही पेशंटना भयंकर रिअ‍ॅक्शन येते, म्हणून आधी स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन, मग कुठे औषध सुरू, तीन आठवड्यांनी एकदा द्यायचं असेल तर तीन तास, दर आठवड्याला असेल तर एक तास. त्यात वाट बघणं आणि ब्लड रिपोर्ट धरले की पूर्ण दिवस जातो. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये दर आठवड्याला असं बारा वेळा देतात. बार्शीसारख्या ठिकाणी नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे म्हणून आसपासच्या लोकांचं निभावतं, पण गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्याच आतल्या गावातल्या बाईने काय करायचं? परळला टाटाला येणारे लोक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत महिनोन्महिने राहतात, तिथे जागा नाही मिळाली तर फुटपाथवर राहतात, सोबत आलेल्याची मजुरी बुडते, शेत पडून राहतं, मुलांची शाळा कुणाच्या तरी भरवशावर. हा खर्च कुठल्याही केमोच्या बिलात छापलेला नसतो. आणि चौथ्या-पाचव्या सायकलला, म्हणजे केमोच्या फेरीला, शिरा सापडत नाहीत तो त्रास वेगळा, दोन्ही हात काळे-निळे झालेले असतात.

म्हणून तोंडाने घ्यायची केमो ही चैन आहे असं मला कुणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. शहरात हॉस्पिटलच्या शेजारी राहणाऱ्याला ती सोय असेल, आपल्याकडच्या बऱ्याच पेशंटसाठी ट्रीटमेंट पूर्ण होणार की मध्येच सुटणार याचा तो प्रश्न आहे.

आता अडचण कुठे आहे ते बघू. पोटातलं अ‍ॅसिड आणि पाचक रस ही पहिली चाळणी, तिच्यातून वाचलं तर आतड्यावर चिकट थर, मग पेशींची घट्ट विणलेली भिंत. पॅक्लिटॅक्सेलचा खरा शत्रू मात्र या भिंतीतच बसलाय, त्याला पी-ग्लायकोप्रोटीन म्हणतात. लोकलच्या दारात उभं राहून चढणाऱ्याला परत प्लॅटफॉर्मवर ढकलणारा माणूस असतो तसा हा पंप, आत शिरलेलं औषध उचलून पुन्हा आतड्यात फेकतो. त्याच्याही तावडीतून सुटलं तर आतड्याच्या भिंतीत आणि लिव्हरमध्ये सीवायपी3ए4 नावाचं एन्झाइम ते तोडून टाकतं. एवढं सगळं होऊन रक्तात पोचतं ते गिळलेल्याच्या दहा टक्क्यांच्याही आत. निसर्गाने ही व्यवस्था आपल्याला विषापासून वाचवायला केलीये, आणि केमो हे शेवटी विषच आहे, शरीर आपलं काम चोख करतंय.

नॅनोपार्टिकल इथे चार-पाच प्रकारे उपयोगी पडतात. न विरघळणारं औषध बारीक कणांत धरून ठेवतात. पॉलिमरच्या किंवा चरबीच्या वेष्टनात अ‍ॅसिडपासून वाचवतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढलेलं कायटोसान वापरलं तर कण आतड्याच्या चिकट थराला धरून राहतात आणि औषधाला आत जायला जास्त वेळ मिळतो. व्हिटॅमिन ई पासून बनवलेलं टीपीजीएस नावाचं द्रव्य वेष्टनात घातलं तर तो ढकलणारा पंपच थोडा मंदावतो. आणि चरबीचे कण असतील तर त्यातलं काही औषध तुपातेलाबरोबर लिम्फच्या, म्हणजे लसीकावाहिन्यांच्या, वाटेने जातं, म्हणजे लिव्हरचा पहिला टोलनाका चुकतो. सिंगापूर, चीन, युरोप, अमेरिका आणि आपल्याकडे माटुंग्याची रसायन-तंत्रज्ञान संस्था आयसीटी, मोहालीची औषधशास्त्राची संस्था नायपर अशा बऱ्याच ठिकाणी यावर वर्षानुवर्षं काम झालंय, आणि ते चांगलं काम आहे हे मी मनापासून म्हणतो.

पण बातम्यांमध्ये एक गोष्ट सरसकट चुकीची छापली जाते आणि तिचा मला राग येतो. "नॅनोकण थेट ट्यूमरवर जाऊन हल्ला करतात" हे वाक्य. तोंडाने घेतलेले कण बहुतेक वेळा आतड्यातच फुटतात किंवा विरघळतात, आत जातं ते साधं औषध, आणि ते मग सगळ्या शरीरात फिरतं, केसांच्या मुळांशी, तोंडाच्या आतल्या त्वचेत, हाडांच्या मगजात, सगळीकडे. गोळीने दिलं म्हणून ते सौम्य होत नाही. शिरेतून दिलेल्या कणांचीसुद्धा अवस्था फार वेगळी नाही, टोरांटोच्या एका ग्रुपने 2016 साली आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला तेव्हा प्राण्यांना दिलेल्या डोसपैकी मध्यक (सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधला येणारा) 0.7 टक्के एवढाच भाग ट्यूमरपर्यंत पोचलेला निघाला. त्यामुळे तोंडाने घ्यायच्या नॅनो केमोचं खरं वचन काय, तर औषध आतड्यातून रक्तात जाईल. एवढंच. ते पुरेसं मोठं आहे, त्याला आणखी फुगवायची गरज नाही.

आणि नुसतं रक्तात जाणं पुरत नाही, हे अ‍ॅथेनेक्स कंपनीच्या अनुभवातून शिकण्यासारखं आहे. त्यांनी नॅनोचा रस्ता न धरता पॅक्लिटॅक्सेलच्या कॅप्सूलसोबत तो ढकलणारा पंप बंद करणारी दुसरी गोळी दिली, एनसेक्विडार. लॅटिन अमेरिकेतल्या देशांमध्ये ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या 402 पेशंटवर मोठी चाचणी झाली, ट्यूमर आकसण्याचं प्रमाण गोळीवाल्यांमध्ये 36 टक्के आणि सलाईनवाल्यांमध्ये 23 टक्के निघालं, हातापायांना मुंग्या-बधिरपणा येणं आणि केस गळणंही गोळीत कमी होतं. सगळ्यांना वाटलं झालं काम. पण 2021 मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने ती नाकारली, मुख्य कारण हे की गोळी घेणाऱ्यांमध्ये पांढऱ्या पेशी खाली जाऊन त्यातून होणारे गंभीर परिणाम जास्त दिसले, आणि ट्यूमर मोजण्याच्या पद्धतीबद्दलही त्यांना शंका होत्या. नव्याने चाचणी करा म्हणाले. 2023 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली.

मला यातला निर्णय योग्य वाटतो आणि शेवट वाईट वाटतो. योग्य यासाठी की घरी बसून केमो घेणाऱ्या माणसाचे काउंट पडले तर ते कळायला कुणी नसतं, सलाईनच्या वेळी निदान रिपोर्ट बघितल्याशिवाय नर्स बाटली लावत नाही. वाईट यासाठी की एक कंपनी बुडाल्यावर तो सगळा अनुभव, डोस, रक्तातल्या पातळ्या, कुणाला का त्रास झाला हे सगळं पुढच्या लोकांच्या हाताला लागणं कठीण होतं, आणि दुसरी कंपनी पुन्हा शून्यापासून सुरू करते किंवा करतच नाही. अजून एक गोष्ट त्या चाचणीतून दिसते जी हिशोबाची आहे. त्या गोळीचा डोस होता शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 205 मिलिग्रॅम, आठवड्यातून लागोपाठ तीन दिवस. सलाईनचा डोस तीन आठवड्यांतून एकदा 175. तीन आठवड्यांचा हिशोब करा, गोळीतून दहापटीहून जास्त औषध पोटात घालावं लागतंय. औषध महाग असेल तर ही गोळी परवडणारच नाही, आणि जे रक्तात जात नाही ते आतड्यात बसून जुलाब-मळमळ करतं ते वेगळंच.

कोरियाने वेगळा मार्ग काढला. तिथल्या डेह्वा कंपनीचं लिपोरॅक्सेल, पॅक्लिटॅक्सेलचं तोंडाने घ्यायचं द्रवरूप औषध, 2016 साली पोटाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, नंतर चीनमध्येही. यात औषध तेलकट घटकांत विरघळवलंय, पोटात गेल्यावर त्याचे बारीक थेंब होऊन ते आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि पंप बंद करायला वेगळी गोळी लागत नाही. काटेकोर अर्थाने याला नॅनोपार्टिकल म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल, तत्त्व मात्र तेच. 236 पेशंटच्या चाचणीत ते सलाईनपेक्षा कमी पडलं नाही. म्हणजे गोष्ट होण्यासारखी आहे. होऊ शकते हे सिद्ध झालंय, जादू झालेली नाही, आणि औषधशास्त्रात बहुतेक चांगल्या गोष्टी अशाच असतात.

मग आपण कुठे आहोत? आपल्याला नॅनो बनवता येत नाही असं अजिबात नाही. 2007 सालीच डाबर फार्माने पॅक्लिटॅक्सेलचं नॅनो इंजेक्शन भारतात आणलं होतं. 2012 मध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नॅनो केमोचा तुटवडा झाला तेव्हा एफडीएने सन फार्माचं लिपोडॉक्स आयात करायला परवानगी दिली, म्हणजे तिथल्या पेशंटना आपल्या कंपनीचं औषध लागलं. नॅनो औषधं तपासायची कशी याच्या सरकारी गाईडलाइन्स 2019 मध्ये निघाल्या. कौशल्य आहे, कारखाने आहेत, नियमही आहेत. नाहीये ती माणसावरची चाचणी.

मी स्वतः फार्मसीतला माणूस आहे, आमच्या एम.फार्मच्या काळात ज्याला त्याला नॅनोपार्टिकलवरच थीसिस करायचा असायचा, कारण पेपर छापून यायचा. ठरलेला रस्ता असतो: एखादं कॅन्सरचं औषध घ्या, एखादं पॉलिमर घ्या, कणांचा साईज मोजा, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो काढा, बशीतल्या पेशींवर टाका, उंदराला नळीने पाजा, उंदराच्या रक्तात औषध पाचपट वाढलं असा आलेख काढा, संपलं. पुढे त्या कणांचं काय होतं? बहुतेकांचं काहीच होत नाही. उपाशी ठेवलेल्या तरुण उंदराचं आतडं आणि साठीतल्या, जेवण न जाणाऱ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेणाऱ्या, आधीच्या केमोने आतडं सोलवटलेल्या माणसाचं आतडं यात फार अंतर आहे. आणि ज्या औषधाचं दहातलं एकच हिस्सा आत जातं त्यात माणसामाणसातला फरक प्रचंड असतो, एकाच्या रक्तात पाच टक्के जाईल, दुसऱ्याच्या वीस, म्हणजे त्याच गोळीने एकाला काही फायदा नाही आणि दुसऱ्याचे काउंट कोसळले. नॅनोची खरी परीक्षा हा फरक कमी करण्यात आहे, सरासरी वाढवण्यात नाही. अ‍ॅप्रेपिटंटमध्ये नॅनोने मुख्यतः हेच साधलं, जेवणाचा फरक कमी केला. अबिराटेरोन ही प्रोस्टेट कॅन्सरची गोळीसुद्धा बघा, नेहमीचा डोस 1000 मिलिग्रॅम उपाशीपोटी, 2018 मध्ये बारीक कणांची गोळी अमेरिकेत मंजूर झाली तिचा डोस 500, आणि ती सन फार्माच विकते. कणांचा साईज बदलला की डोस निम्मा होतो, हे केवढं मोठं आहे बघा, पण ते कळलं माणसांच्या रक्तात मोजल्यावर.

इथे खरा सार्वजनिक प्रश्न येतो. खाजगी कंपनी ही चाचणी भारतात का करत नाही? याचं एक मोठं कारण आपला पेटंट कायदा आहे आणि तो कायदा चांगला आहे. कलम 3(डी) म्हणतं की माहीत असलेल्या औषधाचं नुसतं नवं रूप काढलं म्हणून पेटंट मिळणार नाही, परिणामकारकता वाढल्याचं दाखवावं लागेल. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने नोव्हार्टिसच्या ग्लिवेक (इमॅटिनिबचं ब्रँड नाव) केसमध्ये स्पष्ट केलं की परिणामकारकता म्हणजे उपचारातला परिणाम, औषध शरीरात जास्त शोषलं जातं एवढं सांगून भागणार नाही. त्या निकालामुळे इमॅटिनिबची स्वस्त जेनेरिक गोळी हजारो लोकांना मिळत राहिली, माझ्या ओळखीतही एक जण त्यावर जगतोय, त्यामुळे त्या निकालाच्या विरोधात एक शब्दही मला ऐकायचा नाही. पण त्याची दुसरी बाजू मान्य करायला हवी. तोंडाने घ्यायची नॅनो केमो म्हणजे नेमकं काय, तर जुनं औषध जास्त शोषलं जाईल अशा रूपात. पेटंट मिळेलच याची खात्री नाही, औषध जुनं आणि स्वस्त, पेशंट गरीब, आणि चाचणीला मात्र शेकडो पेशंट आणि काही वर्षं लागणार. कुठली कंपनी यात पैसे घालेल? घालेल ती अशाच औषधात ज्याच्यावर पेटंट शिल्लक आहे आणि जे मुळातच महाग आहे. म्हणजे स्वस्त औषधाची नॅनो गोळी बाजारावर सोडली तर ती कधीच होणार नाही, आणि महाग औषधाची झाली तरी आपल्या कामाची नाही.

म्हणून कलम 3(डी) पाळणाऱ्या देशाने ही चाचणी स्वतःच्या पैशाने करायला हवी. पेटंटचं आमिष आपण काढून घेतलंय, बरोबर काढून घेतलंय, तर त्या जागी दुसरं काहीतरी ठेवण्याची जबाबदारीही आपलीच.

आणि सरकारी हॉस्पिटलं हे करू शकत नाहीत असं कुणी म्हणू नये. टाटा मेमोरियलने डोकं-मानेच्या कॅन्सरच्या 422 पेशंटवर चाचणी केली, एका बाजूला शिरेतून सिसप्लॅटिन, दुसऱ्या बाजूला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन जुन्या, अगदी स्वस्त गोळ्या. 2020 मध्ये निकाल छापून आला, गोळ्यांवाले मध्यक 7.5 महिने जगले, सलाईनवाले 6.1 महिने, गंभीर साईड इफेक्टही गोळ्यांमध्ये कमी. आजार खूप पुढे गेलेले लोक होते, दीड महिन्याचा फरक बाहेरून छोटा वाटेल, पण तो घरी राहून मिळालेला दीड महिना आहे. यात नॅनो काहीही नव्हतं. कुणी मोठ्या कंपनीने सांगितलं म्हणूनही केलेलं नव्हतं, आपल्या ओपीडीत गुटखा-तंबाखूने तोंड सडलेले जे लोक येतात त्यांना काय परवडेल हा प्रश्न विचारून केलेली चाचणी होती.

याहून साधं उदाहरण लहान मुलांचं आहे. ब्लड कॅन्सरच्या मुलांना 6-मर्कॅप्टोप्युरीन वर्षानुवर्षं तोंडाने द्यावं लागतं आणि गोळी मोठ्यांच्या मापाची, आया ती तोडून, कुटून, अंदाजाने द्यायच्या. टाटाच्याच खारघरच्या संशोधन केंद्राने म्हणजे अ‍ॅक्ट्रेकने आणि टाटाने बंगळूरच्या आयडीआरएस लॅब्ससोबत त्याचं पातळ औषध काढलं, 2024 मध्ये ते आलं. त्याची बातमी तुम्ही वाचलीत का? मी विचारलेल्यांपैकी कुणी वाचली नव्हती. पण त्याच सुमारास कॅन्सर परत येऊ न देणाऱ्या 100 रुपयांच्या गोळीची बातमी सगळ्यांच्या फोनवर होती, जिचा आधार मुख्यतः उंदरांवरचे आणि माणसांवरचे छोटे अभ्यास एवढाच होता. पैसा कुठे जायला हवा हे ठरवताना आपलं लक्ष कुठे जातं हेही बघायला हवं.

आता गोळी घरी येते त्याबद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त मन इथे अडकतं. मेथोट्रेक्सेट काही आजारांत आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती चुकून रोज घेतल्याने माणसं दगावल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत, आणि ती साधी जुनी गोळी आहे. पॅक्लिटॅक्सेलची गोळी आठवड्यातून तीन दिवस घ्या असं कागदावर इंग्रजीत लिहून दिलं आणि घरी वाचणारं कुणी नसलं तर काय होईल विचार करा. एक डोस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेणारे लोक आहेत, बरं वाटतंय म्हणून बंद करणारे आहेत, काढा आणि गोळी एकत्र घेणारे तर घरोघरी आहेत, आणि ते सीवायपी3ए4 एन्झाइम काही काढ्यांनी, काही अँटिबायोटिक्सनी, काही फळांच्या रसानेसुद्धा दबतं, मग रक्तातलं औषध अचानक वाढतं. केमो घेतलेल्या माणसाची उलटी, लघवी, भिजलेली चादर दोन दिवस हातमोजे घालून धुवायची असते, आपल्याकडे ती धुते सून किंवा मुलगी, कधी गरोदर, मोजे न घालता, कारण तिला कुणी सांगितलेलंच नाही. मी काउंटरवर हे सांगायला लागलो की लोक घाईत असतात, पुढचा माणूस ओरडत असतो.

या सगळ्यावरून कुणी म्हणेल की मग नकोच गोळी, हॉस्पिटलमध्येच बरं. मला उलटं वाटतं. गोळी द्या आणि तिच्यासोबत माणूस द्या. 2025-26 च्या केंद्रीय बजेटमध्ये जिल्हा हॉस्पिटलांत डे-केअर कॅन्सर सेंटर काढायची घोषणा झाली, पहिल्या वर्षी 200. ही सेंटर फक्त सलाईन लटकवायच्या खुर्च्या म्हणून बांधू नका. तिथे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, त्याच दिवशी व्हावी, तिथल्या नर्सकडे तिच्या भागातल्या गोळीवाल्या पेशंटची यादी असावी, ठरलेल्या दिवशी तिने फोन करावा, ताप 100.4 च्या वर गेला तर कुठे जायचं हे पेशंटच्या कार्डावर मराठीत मोठ्या अक्षरात असावं, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला "केमोचा पेशंट, ताप" म्हटल्यावर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचं नाही, लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं, हे पक्कं माहीत असावं. याला खर्च येतो. पण पेशंटला दर आठवड्याला मुंबईला बोलावण्याचा खर्च आपण त्याच्याच खिशातून करतोय, तो मोजत नाही एवढंच.

इन्शुरन्सचंही तसंच. अमेरिकेत सलाईन केमोचे पैसे एका खात्यातून आणि गोळीचे दुसऱ्या खात्यातून, गोळीला पेशंटच्या खिशातून जास्त जायचे, म्हणून 2007 मध्ये ओरेगॉनपासून सुरुवात होऊन चाळीसहून जास्त राज्यांनी दोन्हींना सारखी वागणूक द्या असे कायदे केले. आपल्याकडे इन्शुरन्स कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने 2019 मध्ये ओरल केमोथेरपी पॉलिसीतून वगळता येणार नाही असं सांगितलं, पण त्यावर मर्यादा घालायला कंपन्यांना मुभा ठेवली, आणि सरकारी योजना तर हॉस्पिटलच्या पॅकेजभोवती बांधलेल्या आहेत. सलाईन फुकट आणि गोळीला पैसे असं असेल तर गरीब माणूस सलाईनच घेणार, मग नॅनोवाल्याने कितीही डोकं लावलेलं असू दे.

एक आक्षेप मला पटतो थोडासा, त्याला उत्तर देतो. लोक म्हणतात, भारतात 2022 साली कॅन्सरचे 14 लाखांहून जास्त नवीन पेशंट सापडले, त्यातले किती तंबाखूने, किती उशिरा कळल्याने, पैसा तंबाखू थांबवण्यात आणि लवकर तपासणीत घाला, नॅनो कसलं घेऊन बसलात. तंबाखूवर आणि तपासणीवर पैसा घालायलाच हवा, आधी घालायला हवा, यात दुमत नाही. पण ज्या बाईला आज गाठ आहे तिला आपण हे उत्तर देऊ शकत नाही. आणि मी अब्जावधी मागत नाहीये. आत्ता जो पैसा शंभर कॉलेजांतल्या शंभर उंदरांच्या प्रयोगांत विखरून जातो त्यातला काही भाग एकत्र करा. नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये तीनशेहून जास्त सेंटर आहेत, त्यांनी एकत्र खरेदी करून 40 औषधांच्या किमती 23 ते 99 टक्क्यांनी खाली आणून दाखवल्यात. एकत्र खरेदी जमते तर एकत्र चाचणीही जमेल.

ती कशी असावी याबद्दल माझं मत असं. औषध एकच घ्यायचं, पॅक्लिटॅक्सेल, कारण ते जुनं आहे, आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवतात आणि दहापट लागलं तरी परवडू शकेल. दोन किंवा तीन नॅनो रूपं निवडायची, जी कारखान्यात टनाने बनवता येतील अशीच, प्रयोगशाळेत सुंदर दिसणारी नकोत. आधी थोड्या पेशंटमध्ये रक्तातली पातळी मोजायची, आणि तीही नेहमीच्या जेवणावर, भाकरी-भाजी, वरणभात, तिखट-तेलासकट, उपाशीपोटी आणि जेवून दोन्ही, आणि माणसामाणसात फरक फार निघाला तर ते रूप तिथेच बाद करून तसं छापून टाकायचं, म्हणजे पुढचा कुणी तेच परत करणार नाही. टिकलेलं रूप मग सलाईनसमोर उभं करायचं, वर्धा, नागपूर, बार्शी, छत्रपती संभाजीनगर, गुवाहाटी अशा ठिकाणी, नुसतं मुंबई-दिल्लीत नाही. यशस्वी झालं तर बनवायची परवानगी एकाच कंपनीला न देता चार-पाच कंपन्यांना द्यायची. मोजायचं काय, तर किती जगले, किती जणांनी सगळ्या सायकल पूर्ण केल्या, पेशंट आणि सोबतच्या माणसाची किती दिवसांची मजुरी बुडाली. आणि गोळीच्या गटात इन्फेक्शनने गेलेल्या प्रत्येक पेशंटची वेगळी चौकशी करायची: शेवटची सीबीसी कधी झाली होती, ताप आल्यावर फोन कुणाला केला, तो उचलला का, आणि पहिलं अँटिबायोटिक मिळेपर्यंत किती तास गेले.